स्कायरिम: दबा धरून मारणाऱ्याने ऐरणीवर किती घाम गाळावा?

स्कायरिम हा व्हिडिओ गेम आला नोव्हेंबर २०११ मध्ये. २०१६ मध्ये स्पेशल एडिशन निघाली, २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशन. अजूनही नवा खेळाडू खजीत किंवा वुड एल्फ वंशाचं पात्र घेतो, अंगावर चामडं चढवतो, कमरेला खंजीर लावतो आणि पहिल्याच गावात लोहाराच्या भट्टीपाशी अडकतो. रिव्हरवुडचा अल्व्होर पहिला लोखंडी खंजीर आपल्याकडून करूनच घेतो. त्यामुळे हे सगळ्यांना करावंच लागतं असा समज होतो, आणि पुढचे दोन तास खंजिरांचा ढीग लागतो.

हे परीक्षण खेळाच्या तेवढ्याच बाजूचं आहे, मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) न लावता: लपूनछपून खेळणाऱ्याला स्मिथिंग (शस्त्रं-चिलखत घडवणं), एन्चांटिंग (वस्तूंत जादू भरणं) आणि अल्केमी (विषं-पेयं बनवणं) यांतलं किती लागतं? आमचं उत्तर असं: अल्केमी हवीच, स्मिथिंग साठपर्यंत, एन्चांटिंग जवळजवळ नाहीच. ॲडेप्ट या मधल्या काठिण्यपातळीवर खेळत असाल तर तिन्ही सोडलीत तरी खेळ आरामात संपतो.

स्कायरिममध्ये कुठलंही कौशल्य एका अंकाने वाढलं की त्या नव्या अंकाइतके गुण पात्राच्या लेव्हलच्या खात्यात जमा होतात. पुढच्या लेव्हलला लागणारे गुण म्हणजे चालू लेव्हल अधिक ३, गुणिले २५. यावरून हिशेब करा. एकटं स्मिथिंग १५ वरून १०० वर नेलं की ४,९३० गुण होतात, म्हणजे पहिल्या लेव्हलचं पात्र एकही शत्रू न मारता सतराव्या लेव्हलला पोहोचतं. तिन्ही कलाकुसरी शंभरावर नेल्या तर थेट बत्तिसाव्या. आणि शत्रू तुमच्या लेव्हलकडे बघून उभे राहतात. ठिकाणागणिक मर्यादा असतात, पण गुहेत साध्या दरोडेखोराच्या जागी तगडा गडी येतो, थडग्यात साध्या ड्रॉगरच्या (चालत्या मुडद्याच्या) जागी वरच्या दर्जाचा. तुमचं स्निक (लपण्याचं कौशल्य) मात्र अजून वीस-पंचवीसच. व्हाइटरन शहरात वॉरमेडन्स या लोहाराच्या दुकानाच्या भट्टीवर बसून लेव्हल वाढवणं म्हणजे स्टेल्थवाल्याचं (लपून खेळणाऱ्याचं) हात दाखवून अवलक्षण. ढाल-तलवारवाल्याला निदान त्या लोखंडाचं चिलखत तरी घालता येतं. लपणाऱ्याला त्या जाड चिलखताचा उपयोग कमी आणि आवाज जास्त.

तरीही स्मिथिंग पूर्ण टाळावं असं आमचं मत नाही. कारण खंजिराच्या गुणाकारात आहे.

लपून मारलेल्या एकहाती वाराला मुळात ३ पट नुकसान मिळतं. स्निक ३० ला बॅकस्टॅब हा पर्क (लेव्हलमागे एक निवडता येणारी खास क्षमता) घेतला की ६ पट, ५० ला असॅसिन्स ब्लेड घेतला की फक्त खंजिराला १५ पट. डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीचे श्राउडेड ग्लोव्ह्ज घातले की त्याचीही दुप्पट, ३० पट. लोखंडी खंजिराचं मूळ नुकसान ४, एल्व्हनचं ८, ग्लासचं ९, डेड्रिकचं ११. सानेवर धार लावल्यावर होणारी वाढ सरळ बेरजेने होते, शस्त्र लहान आहे की मोठं याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. समजा धार लावून ६ वाढले. दोन हातांच्या तलवारीला त्याचं फारसं काही वाटत नाही. एल्व्हन खंजीर मात्र ८ चा १४ होतो आणि मग त्याचे १५ पट होतात: १२० च्या जागी २१०. सगळ्या शस्त्रांत सानेचा सर्वांत मोठा फायदा खंजिराला मिळतो. मार खायला आधी लागतो म्हणून बरेच लोक आधी चिलखत ठाकूनठोकून घेतात. स्टेल्थवाल्याने आधी खंजीर सानेवर धरावा.

साठवर का थांबायचं? कारण ६० ला आर्केन ब्लॅकस्मिथ पर्क उघडतो आणि तो नसेल तर जादू भरलेल्या कुठल्याही वस्तूला सान किंवा वर्कबेंच (चिलखत सुधारायचं टेबल) हात लावू देत नाही. लपून मारणाऱ्यांचं सगळं चांगलं सामान जादूचंच असतं. श्राउडेडचा अख्खा संच तसा आहे. तो साध्या चामड्याने सुधारतो, फक्त हा एक पर्क लागतो. वाटेत स्टील आणि ३० ला एल्व्हन घ्यायचा, म्हणजे एल्व्हन खंजिराची धार दुप्पट चढते. त्याला रिफाइन्ड मूनस्टोन लागतो. एवढे तीन पर्क पुरे. १५ ते ६० म्हणजे १,७१० गुण, पात्र नवव्या लेव्हलला. डेड्रिक खंजीर स्वतः घडवायचा तर ९० पर्यंत जावं लागतं, जड धातूंची पाच पर्कांची शिडी चढावी लागते, शिवाय प्रत्येक शस्त्रामागे डेड्रा हार्ट हे एक दुर्मीळ साहित्य. एवढं करून मिळतो ११ चा खंजीर. मेहरून्स रेझर हा खेळातला खास खंजीरही ११ चाच आहे, वर शंभरातल्या दोनेक वारांना समोरचा जागीच गार होतो. विसाव्या लेव्हलनंतर डॉनस्टारच्या संग्रहालयापासून सुरू होणाऱ्या कामात तो हाती येतो, ऐरणीला हात न लावता. डेड्रिक खंजीर आमच्या लेखी नाकापेक्षा मोती जड.

साठपर्यंत पोहोचायला लोखंडी खंजीर घडवत बसू नका. २०१२ च्या पॅचनंतर स्मिथिंगची वाढ तयार मालाच्या किमतीवर ठरते. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प आहे. तिथल्या दरोडेखोरांना आटोपलंत की ट्रान्सम्यूट मंत्राचं पुस्तक आणि लोखंडाच्या शिरा एकाच जागी मिळतात. लोखंडाची चांदी, चांदीचं सोनं. दोन खनिजांची एक वीट, एका विटेच्या दोन अंगठ्या. जवळ रत्न असेल तर जडवायचं, किंमत आणि गुण दोन्ही वाढतात. एक खोच आहे: ट्रान्सम्यूट करताना आल्टरेशन हे जादूचं कौशल्यही वाढतं आणि तेही लेव्हलच्या खात्यात जातं. फार अघोरी वाटायला लागलं की थांबा, उरलेले अंक रिफ्टनच्या बालीमुंड लोहाराकडून पैसे देऊन शिका. एका लेव्हलला पाच शिकवण्या मिळतात.

आता अल्केमी. हे कौशल्य खेळानेच चोरांच्या गटात टाकलंय, थीफ स्टोन या वरदान देणाऱ्या शिळेचा २० टक्के वेगही त्याला मिळतो. तरी बहुतेक स्टेल्थवाले त्याच्याकडे पाने-फुलं गोळा करायचा कंटाळवाणा उद्योग म्हणून बघतात. प्रत्यक्षात लपणाऱ्याचा खरा अडथळा पहिल्या वारानंतर येतो. पहिल्या वारात मेला तो मेला. उरला तो उलटतो, त्याचे सोबती जागे होतात, आणि १५ पट कुठल्या कुठे. तो मधला क्षण विष सांभाळतं.

चार मिश्रणं पाठ असली की झालं. कॅनिस रूट आणि इम्प स्टूल: लकवा, दुसरा कुठलाही परिणाम मिसळत नाही. कॅनिस रूट मॉर्थलच्या दलदलीत उगवतं, इम्प स्टूल गुहांतली अळंबी. सुरुवातीला लकव्याचे जेमतेम काही सेकंद मिळतात, पण खाली पडलेल्याला संपवायला तेवढे पुरतात. दुसरं, डेथबेल आणि रिव्हर बेटी हा मासा: प्राणहानी आणि मंदगती एकत्र. धनुष्यवाल्यांनी हे कायम जवळ ठेवावं. अस्वल अंगावर धावून येत असताना ते मंदावलं की दुसरा-तिसरा बाण बसतो. तिसरं विष नाही, पेय आहे: हॉक फेदर्स आणि बीहाइव्ह हस्क, स्निक आणि लाइट आर्मर दोन्ही वाढवतं. अदृश्य होण्यासाठी लूना मॉथ विंग आणि व्हॅम्पायर डस्ट. हे शेवटचं पळून जाण्यासाठी राखून ठेवा. कुठल्याही वस्तूला हात लावला की अदृश्यपणा गळून पडतो.

यात चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे ज्याला खंजिराच्या एका घावात मरायचंच आहे त्याच्यासाठी विष वाया घालवणं. लपून मारल्याची पट फक्त शस्त्राच्या नुकसानाला लागते, विषाला नाही. म्हणून विष राखायचं ते पहिल्या घावात न मरणाऱ्या मोठ्या माशासाठी. दुसरी चूक: ड्रॉगर आणि ड्वार्वन यंत्रांवर विष. ती विषाला दादच देत नाहीत, आणि स्कायरिमचे निम्मे तळघर यांनीच भरलेले आहेत. तिथे सान आणि अंधार एवढाच आधार. तिसरी, एक्सपेरिमेंटर पर्कवर तीन गुण उधळणं. वनस्पतींचे गुण एकदा कळले की तो पर्क आयुष्यभर रिकामा बसतो.

पर्क घ्यायचे ते अल्केमिस्टची एक पायरी, फिजिशियन, ३० ला पॉयझनर, ६० ला कॉन्सन्ट्रेटेड पॉयझन. शेवटच्याने एकच लेप दोन वारांना पुरतो. वाढीसाठी गहू आणि जायंट्स टो यांचं पेय करा. राक्षसाची बोटं मिळवणं सोपं नाही, पण पेयाला भाव भरपूर, आणि इथेही वाढ किमतीवरच चालते. नसेल तर गहू आणि ब्लू माउंटन फ्लॉवर. हार्थफायर या जोड-भागातल्या घरामागे गहू लावता येतो. पेयं विकून आलेल्या पैशांत व्हाइटरनच्या आर्केडिया या औषधवालीकडे शिकवणी लावा, म्हणजे अल्केमी स्वतःचा खर्च स्वतःच काढते. 

पिकपॉकेट (खिसे कापण्याचं कौशल्य) घेत असाल तर ४० ला पॉयझन्ड पर्क मिळतो: विषाची बाटली थेट समोरच्याच्या खिशात. इतकी काळजीपूर्वक लिहिलेली गंमत खेळात दुसरी क्वचितच आहे.

एन्चांटिंगबद्दल थोडक्यात. स्टेल्थला त्यातलं खरं हवं असतं ते मफल, पायांचा आवाज दाबणारं. आणि मफलची ताकद ना कौशल्यावर ठरते ना आत्म्याच्या आकारावर. पंधराच्या कौशल्याने 'पेटी' या सर्वांत लहान सोल जेमने (आत्मा साठवणाऱ्या रत्नाने) भरलेलं मफल आणि शंभरच्या कौशल्याने मोठ्या 'ग्रँड'ने भरलेलं मफल यांत फरक नाही. कुठेतरी मिळालेले मफलचे बूट एन्चांटरवर (जादू भरायच्या टेबलावर) मोडायचे, मंत्र शिकायचा, आवडत्या बुटांत भरायचा, संपलं. तेही नको तर डार्क ब्रदरहुडमध्ये गेल्यावर श्राउडेड बूट आयते मिळतात. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसावं. थीव्ह्ज गिल्ड या चोरांच्या संघटनेच्या नाइटिंगेल बुटांतही मफल आहे, पण तो संच घेताना घाई नको. घेतेवेळच्या लेव्हलवर त्याचा दर्जा कायमचा ठरतो आणि सर्वोत्तम संच ३२ नंतर मिळतो. स्निक वाढवणारी फॉर्टिफाय स्निक ही जादू बूट, हातमोजे, अंगठी आणि माळ अशा चार जागी भरता येते, पण मफल आणि स्निकचे पर्क हाताशी असताना तिची गरज कुणाला पडत नाही.

खेळाबद्दल आमची खरी तक्रार इथे आहे. तिन्ही कला एकमेकींना खतपाणी घालतात. अल्केमीचं पेय एन्चांटिंग वाढवतं, एन्चांट केलेली अंगठी अल्केमी वाढवते, दोन्ही मिळून स्मिथिंग आभाळाला नेतात. रिस्टोरेशन (उपचाराची जादू) वाढवणाऱ्या पेयाची भानगड तर आकडे कोट्यवधींत नेते. ती चाहत्यांनी केलेल्या अनऑफिशियल पॅचने बंद केली आहे. आकडे इतके फुगले की ५६७ चिलखत-अंकांना लागणारी ८० टक्के मार कमी होण्याची कमाल मर्यादा चामड्यातच पार होते, आणि मग अंधारात बसायचं कारणच उरत नाही. ज्याला दबा धरून खेळायची मजा हवी त्याने ही साखळी जाणून टाळावी.

अपवाद लेजंडरीचा. ही सर्वांत कठीण पातळी २०१३ च्या १.९ पॅचमध्ये आली. तिथे तुम्ही करता ते नुकसान पाव होतं आणि समोरचा करतो ते तिप्पट. धार न लावलेल्या एल्व्हन खंजिराचे १२० तिथे ३० उरतात, वर धरलेली ६ ची धार असेल तर ५२. श्राउडेड ग्लोव्ह्ज घातले की शंभरापलीकडे जाऊन वार पुन्हा अर्थपूर्ण होतो. लकव्याचे सेकंद मात्र कुठल्याच पातळीवर कापले जात नाहीत, त्यामुळे लेजंडरीवर विषाचं मोल आणखी वाढतं.

सगळं १५ पासून धरलं आणि स्मिथिंग ६०, अल्केमी ६०, स्निक ५० केलं, तर पात्र सोळाव्या लेव्हलला येतं आणि हाती १५ पर्क असतात. स्निकचे चार (स्टेल्थ, बॅकस्टॅब, डेडली एम, असॅसिन्स ब्लेड), स्मिथिंगचे तीन, अल्केमीचे चार. उरलेले चार डोळे झाकून वन-हँडेडच्या (एकहाती शस्त्रांच्या) आर्म्समन या पर्कमध्ये, जिथपर्यंत कौशल्य पोहोचलंय तिथपर्यंत.