पाटी नसलेला वर्ग: एरंडवण्यातली शोदोची शिकवणी

आधी कामाचं सांगतो. जपानी अक्षरं ब्रशानं लिहायला शिकवणारा हा वर्ग पुण्यात एरंडवण्यात आहे, नळ स्टॉपपासून चालत पाच-सात मिनिटांवर, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. रविवारी सकाळी दहा ते बारा. फी महिना अठराशे, त्यात सरावाचा कागद आणि शाई आली. ब्रश सुरुवातीला वर्गातलाच वापरायचा. सोसायटीत गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, अध्यक्ष गॅलरीतूनच ओरडतात.

बाहेर पाटी नाही. मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे हे मला फार खुपलं. बाईंना म्हटलं, मी रंगवून देतो, पैसे नकोत. त्या म्हणाल्या, "काका, मी आठच जण घेते आणि आठ भरलेत. पाटी कशाला?" यावर काय बोलणार!

मला तिथं धाडलं मुलीनं. ती रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकली आणि आता तळेगावच्या एका कंपनीत दुभाषी आहे. फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश डब्यात पडून आहेत. "बाबा, घरात बसून टीव्हीवरच्या अक्षरांना नावं ठेवतोस, त्यापेक्षा जा," म्हणाली आणि फी भरून मोकळी झाली.

शोदो म्हणजे ब्रशानं लिहायची जपानी विद्या. सामान थोडकं असतं. टेबलावर काळं फेल्ट अंथरायचं, त्यावर हान्शी नावाचा पातळ कागद, साधारण 24 बाय 33 सेंटिमीटरचा, वर लोखंडी वजन. कागदाची एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. लिहायचं गुळगुळीत बाजूवर. ब्रशाला फुदे म्हणतात. हिरोशिमा प्रांतात कुमानो नावाचं गाव आहे, जपानमधले सुमारे 80 टक्के ब्रश तिथं बनतात. बाईंकडचा मोठा ब्रश बकरीच्या केसांचा आहे. आम्ही पेंटर खारीच्या केसांच्या ब्रशावर वाढलो. तो कसा, सांगाल तिकडे जातो. बकरीचा केस मऊ, शाई पोटभर पितो आणि तुमच्या मनात काय चाललंय ते सगळं कागदावर सांगून टाकतो.

शाईची वडी असते, सुमी. काजळी आणि जनावराच्या चामड्या-हाडांचा सरस मळून केलेली. नारा शहराची सुमी नावाजलेली. दगडाच्या दौतीवर चमचाभर पाणी घालून ती गोल गोल उगाळायची. सहाणेवर चंदन उगाळतात तसंच, फक्त हात त्याहून हलका. दाबून उगाळली की शाई खरखरीत होते. पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. एरवी सरावाला बाटलीतली शाई चालते, पण महिन्यातून एक रविवार बाई बाटली कपाटात ठेवतात. त्या दिवशी पहिला अर्धा तास खोलीत नुसता दगडावर वडी फिरल्याचा आवाज असतो. एकदा एक पाहुणे आले होते, ते दहाव्या मिनिटाला म्हणाले, "मग लिहायचं कधी?" बाई म्हणाल्या, "सुरू झालंय की." पाहुणे परत दिसले नाहीत.

पहिला धडा एक आडवी रेघ. जपानीत 'एक' हा आकडा म्हणजे एवढंच. मनात म्हटलं, रेघ कसली शिकवता, माझ्या रेघांवर निम्मी लक्ष्मी रोडची दुकानं उभी होती. पण आमची रेघ कशी असते? खडूनं आखायची, हाताखाली काठी घ्यायची, कडा मारायच्या, मग पोट भरायचं, कमी-जास्त झालं तर सुकल्यावर परत हात मारायचा. शेड दिली की सगळं झाकलं जातं. इथं ब्रश उभा धरायचा, मनगट टेकवायचं नाही, कोपर हवेत. ब्रश टेकवायचा, थांबायचं, ओढायचं, परत थांबायचं, उचलायचा. आणि एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. कागद इतका पातळ की दुसरा हात लगेच ओळखू येतो, काळ्यावर आणखी काळं दिसतं. सगळं आयुष्य टचअपवर काढलेल्या माणसाला हे किती जड जातं ते मला विचारा.

आता या वर्गाचे पैसे कशाचे, ते सांगतो. ते तेहोनचे.

तेहोन म्हणजे आपला कित्ता. पुण्यात छंदवर्ग पैशाला पासरी झालेत आणि सगळीकडे झेरॉक्स वाटतात. बाई वाटत नाहीत. दर रविवारी आठ जणांना आठ कित्ते, प्रत्येकाच्या टेबलाशी बसून, त्याच्यासमोर, हातानं लिहितात. अक्षर तेच असलं तरी आठ कित्ते एकमेकांशी जुळत नाहीत. माझा हात जड, म्हणून माझ्या कित्त्यात शेवटचा फटकारा त्या मुद्दाम बारीक होत नेतात. शेजारच्या कॉलेजच्या मुलीचा हात घाबरा, तिला ठळक सुरुवात करून देतात. लिहिताना बोलत नाहीत. आपण नारिंगी शाईकडे बघत बसतो, कारण पुढची पाळी तिची असते. आपण लिहिलेल्या पानावरच त्या नारिंगी शाईनं दुरुस्ती करतात. अख्खं पान रंगवत नाहीत. जिथं हात घाईत सुटला तेवढीच रेघ वरून ओढून दाखवतात आणि जे जमलंय त्याला गोल करतात. फारच छान जमलं तर त्या गोलाला पाकळ्या काढतात. जपानमध्ये शाळेतल्या पोरांना देतात तसलं फूल. मला ते एकदा मिळालं, फ्रीजवर लावलंय. मुलगी हसते, हसू दे.

"काका, हात धरू का?" असं त्यांनी आधी विचारलं होतं. मग माझ्या मुठीवर मूठ ठेवून एकच रेघ काढली. ब्रश किती दाबायचा ते तोंडानं सांगून कळलं नसतं.

वर्गात एक जोडी आहे, दोघंही आयटीतली, लग्न ठरलेलं. दोघांना नव्या फ्लॅटच्या भिंतीसाठी 'प्रेम' या अर्थाचं जपानी अक्षर लिहायचं होतं, तेवढ्यासाठीच आलेली. त्या अक्षराला तेरा फटकारे आहेत आणि बरोबर मध्ये 'हृदय' हे चार फटकाऱ्यांचं अक्षर कोंबलेलं. तीन टिंबं आणि खाली वळून टोकाशी आत उचललेली एक रेघ. वर छप्पर, खाली तंगड्या, आणि मधल्या चिमूटभर जागेत हे बसवायचं. जागा कमी पडली की हृदय चेपतं, जास्त दिली की छप्पर उडतं. पाटीवर 'ज्ञानेश्वर' बसवणाऱ्याला हे दुखणं कळतं. बाईंनी त्या दोघांना नुसतं हृदय लिहायला बसवलं, तेही सुटं. वर्गात बाईंना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात. तो मुलगा कंटाळून म्हणाला, "सेन्सेई, तुम्हीच लिहून द्या ना, आम्ही फ्रेम करतो, पैसे देतो." बाई म्हणाल्या, "लग्न तुमचं आणि घाम माझा?" मुलगी इतकी हसली की तिच्या ब्रशातून थेंब पडला. आता दोघं निमूट टिंबं काढतात. तो अजून घाई करतोच, पण तिचं पान झाल्यावर तिचा ब्रश धुऊन ठेवतो. तेवढं मला दिसलं.

बाई मधूनमधून गोष्टी सांगतात, त्यातली एक फार आवडली. हजारेक वर्षांपूर्वी, हेइआन काळात, जपानी दरबारातले स्त्री-पुरुष एकमेकांना धड न बघता प्रेमात पडायचे. चार-पाच ओळींची कविता लिहायची, कागदाचा रंग ऋतूला साजेसा निवडायचा, फुलाच्या डहाळीला चिठ्ठी बांधून पाठवायची. समोरच्यानं आधी अक्षर बघायचं. हस्ताक्षर बेंगरूळ असेल तर जमता जमता फिसकटायचं. त्या चिठ्ठ्यांतली काना लिपी अशी की एकातून दुसरं अक्षर निघतं, ब्रश उचलायचाच नाही. मला लगेच मोडी आठवली. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात कागद बघा, बोरूनं तसाच सलग हात चाललेला. फरक एवढाच की आपले कागद बहुतेक महसुलाचे आणि जमिनीचे.

प्रेमाचा माझा अनुभव रिक्षांच्या पाठींचा. अक्षरामागे पैसे घ्यायचो. एक जण बायकोचं नाव 'कौसल्या' लिहून घ्यायला आला आणि जोडाक्षराचं एकच धरा म्हणून अर्धा तास हुज्जत घातली. धरलं शेवटी. नाव मात्र त्याला सोनेरी शेडसकट हवं होतं.

उणं काय? मोबाइलवर बासरी लावतात, ती नको. सगळे चटईवर, बैठ्या टेबलाशी मांडी घालून बसतात. गुडघे दुखत असतील तर उंच टेबल मागून घ्या, मिळतं. प्रमाणपत्र देत नाहीत, त्यावरून एका आईनं जिन्यात बराच आवाज केला. सहा महिन्यांत घरात लावण्यासारखं काही हवं असेल तर पैसे वाचवा. आणि बाईंना कुणालाच नाही म्हणता येत नाही, त्यामुळे बाराला सुटणारा वर्ग एकला सुटतो. घरी जेवायला थांबलेल्यांना आधीच सांगून ठेवा.

सामानाची घाई करू नका. मी एका ऑनलाइन दुकानातून 'संपूर्ण संच' मागवला होता. ब्रशाचे केस पहिल्याच धुण्यात गळाले, शाईला फिनेलचा वास, दौत प्लास्टिकची. बाईंनी एक शब्द न बोलता स्वतःकडचा जुना ब्रश दिला आणि धुवायची पद्धत शिकवली. मोठा ब्रश पाण्यात बुडापर्यंत धुवायचा, लहान ब्रशाचं फक्त टोक ओल्या कागदानं पुसायचं. रॉकेलमध्ये ब्रश घुसळणाऱ्या हाताला हेही नवं.

जपानमध्ये 2 जानेवारीला वर्षातलं पहिलं लेखन करतात, काकीझोमे. बाई त्याच्या जवळच्या रविवारी सगळ्यांना लांबलचक कागद देतात आणि त्या दिवशी बाहेरच्यांनाही बसायला देतात, फुकट. वर्गात जागा मिळो न मिळो, तेवढा रविवार गाठा. फक्त पांढरा झब्बा घालून येऊ नका, सुमीचा डाग निघत नाही.