‘सेमेरू शिखर, हंड्रेड पर्सेंट’: ब्रोमो–सेमेरू ट्रेकच्या नावाखाली पैसे असे उकळले जातात

इंडोनेशियाच्या पूर्व जावातल्या ब्रोमो आणि सेमेरू या शेजारच्या ज्वालामुखींचा ट्रेक ‘चार दिवस, तीन रात्री, दोन शिखरं’ असा विकला जातो. नावं आपल्याला ओळखीची वाटतात. सेमेरू म्हणजे सुमेरू, त्याचं शिखर महामेरू, आणि ब्रोमो हे नाव ब्रह्मावरून आलं असं तिथले तेंग्गेर हिंदू सांगतात. त्यामुळे मन आधीच तिकडे ओढलं जातं. त्यात व्हॉट्सॲपवर उत्तर येतं, ‘सेमेरू शिखर हंड्रेड पर्सेंट, परमिट आमच्याकडे लागलं, ॲडव्हान्स आज पाठवा.’ फसवणूक सुरू होते ती या वाक्यापासून.

4 डिसेंबर 2021 च्या उद्रेकानंतर सेमेरू ट्रेकर्ससाठी बंद राहिला. डिसेंबर 2024 मध्ये वाट पुन्हा उघडली, पण फक्त रानू कुम्बोलो या तळ्यापर्यंत. तळं सुमारे 2400 मीटरवर आहे आणि शिखर 3676 मीटरवर, म्हणजे वर जवळजवळ 1300 मीटरचा डोंगर शिल्लक राहतो. त्यानंतर 19 नोव्हेंबर 2025 ला मोठा उद्रेक झाला, धोक्याचा इशारा सर्वांत वरच्या पातळीवर गेला आणि रानू कुम्बोलोला मुक्कामाला असलेले दीडशेहून जास्त लोक तिथेच अडकले. 2021 च्या आधीही अधिकृत हद्द 2700 मीटरवरच्या कालिमाती या मुक्कामाच्या जागेपर्यंतच होती. पुढे जाणारे आपल्या जबाबदारीवर जात. थोडक्यात, शिखराचं परमिट नावाची वस्तू विकायला कुणाकडे नाहीच.

मग पैसे घेऊन काय दिलं जातं? याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात ट्रेक जिथून सुरू होतो त्या रानू पानी गावात तुम्ही पोहोचता आणि गाईड चेहरा पाडून सांगतो, ‘कालच बंद झालं.’ त्याच्याबरोबर ‘तुतुप’ असं लिहिलेला एखादा कागद दाखवला जातो. तुतुप म्हणजे बंद. कागद खरा असतो, फक्त त्यावरची तारीख तो अंगठ्याखाली धरतो. कागद हातात घ्या आणि तारीख वाचा, बहुतेक वेळा ती तुमच्या बुकिंगच्या आधीची निघते. नंतर ‘पर्याय’ म्हणून ब्रोमोजवळ एक जास्तीची रात्र गळ्यात मारतात. पॅकेजच्या चार दिवसांतले दोन गेस्ट हाउसमध्ये जातात आणि पैसे मात्र शिखराचे घेतलेले असतात.

दुसरा प्रकार जिवावर बेतणारा आहे. गाईड रात्री चेकपोस्ट चुकवून ‘जालुर तिकुस’ने, म्हणजे उंदरांच्या वाटेने, वर नेतो. लोकांना यात थरार वाटतो, म्हणून तिथे काय असतं ते नीट सांगायला हवं. कालिमातीपासून शिखरापर्यंत 900 मीटरहून जास्त चढ आहे आणि झाडं संपल्यावर पायाखाली सैल वाळू व खडी असते. दोन पावलं वर टाकली की एक पाऊल खाली घसरतं. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. जोंग्रिंग सालोको या विवरातून राख आणि विषारी वायू येतात आणि दिवस वर चढला की वारा फिरून तो वायू वाटेकडे ढकलला जातो. म्हणून पूर्वी मध्यरात्री निघून सकाळी नऊ-दहाच्या आत शिखर सोडायचा दंडक होता. सू होक गी हा इंडोनेशियाचा तरुण कार्यकर्ता 16 डिसेंबर 1969 ला याच शिखराजवळ वायूने गेला, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. चोरवाटेने गेलेल्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते. काही झालं तर वर माणसं आहेत हेच खाली कुणाला ठाऊक नसतं. शिवाय बंदी असलेल्या भागात शिरल्यावर प्रवास विमा सहसा हात वर करतो.

खरं परमिट ओळखणं अवघड नाही. ते ब्रोमो तेंग्गेर सेमेरू राष्ट्रीय उद्यानाच्या ऑनलाइन बुकिंगमधून निघतं आणि त्यासाठी प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर भरावा लागतो. आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. म्हणूनच एक साधी चाचणी आहे. ज्याने तुमचा पासपोर्ट नंबर मागितलाच नाही आणि तरी ‘परमिट झालं’ म्हणतो, त्याने काहीही काढलेलं नाही.  ज्वालामुखीची त्या दिवसाची पातळी ‘माग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते. खालून वर नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास अशा चार पायऱ्या आहेत. वाट उघडी आहे की बंद हे मात्र उद्यान ठरवतं, म्हणून दोन्ही पाहावं लागतं.

किमतीतली चोरी सामानातही होते. जुलै-ऑगस्टमध्ये रानू कुम्बोलोला रात्री पारा शून्याजवळ उतरतो आणि पहाटे गवतावर पांढरं हिम धरतं. ‘स्लीपिंग बॅग समाविष्ट’ म्हणून दिलेली पिशवी अनेकदा अस्तरासारखी पातळ असते. निघायच्या आदल्या दिवशी ती उघडून बघा, चेन शेवटपर्यंत ओढा, तंबूला बाहेरचं दुसरं कापड आहे का ते तपासा. रानू पानीत बदलून मिळू शकते, तळ्यावर मिळत नाही.

आता ब्रोमो. इथली जुनी आणि अजून चालणारी फसवणूक प्रोबोलिंगो शहरात होते. लांबून येणारी बस बायुआंगा टर्मिनलच्या आधीच एका एजन्सीसमोर थांबते. कंडक्टर ‘ब्रोमो, ब्रोमो!’ ओरडतो, सॅक खाली काढूनही ठेवतो. आत टेबलामागचा माणूस सांगतो की आता ब्रोमोजवळच्या चेमोरो लावांग गावाला जाणारी गाडी संपली, आमचीच घ्या, आणि पुढचं इजेन ज्वालामुखी आणि बालीचं तिकीटही आत्ताच काढा. हातात येते ती पेनाने खरडलेली चिठ्ठी, जी पुढच्या बसमध्ये कुणी ओळखत नाही. यावर उपाय एकच आहे. फोनवर नकाशा चालू ठेवायचा, टर्मिनलचं आवार दिसेपर्यंत सीट सोडायची नाही आणि सॅक शक्यतो डिकीत न टाकता पायाशी ठेवायची. रेल्वेने प्रोबोलिंगोला उतरलात तर हा सापळा बराचसा टळतो. टर्मिनलवरून वर जाणारी छोटी गाडी भरल्याशिवाय हलत नाही हे मात्र खरं आहे, त्यात लबाडी नाही. घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे वाटून घ्या.

चेमोरो लावांगला पोहोचल्यावर ‘जीपशिवाय ब्रोमोला जाताच येत नाही’ असं ऐकू येईल. विवर बघायला जीप लागत नाही. गावातून वाळूच्या मैदानात उतरून चालत सुमारे तासाभरात विवराकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी पोहोचता येतं. 2770 मीटरच्या पेनांजाकान या डोंगरावरून सूर्योदय पाहायचा असेल तर मात्र सहसा जीप घेतात. तिथेही गर्दीचं कारण सांगून ड्रायव्हर खालच्याच एका वळणावर उतरवतो आणि पैसे वरच्या जागेचे घेतो. ‘पेनांजाकान’ हे नाव आणि निघायची वेळ आदल्या रात्री लिहून घ्या. प्रवेश तिकिटाचंही तसंच. परदेशी पाहुण्यांसाठी ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस ते 2,55,000 रुपिया झालं. पॅकेजमध्ये ‘तिकीट समाविष्ट’ असेल तर ते तिकीट बघायला मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे खिशात गेलेत असं समजा.

दोन शेजारी ज्वालामुखी आणि सलग दिवसांची चढाईच हवी असेल, तर त्याच प्रांतातले अर्जुनो (3339 मीटर) आणि वेलिरांग (3156 मीटर) बघा, निघण्याआधी ती वाट उघडी आहे ना एवढं विचारून. त्रेतेस गावाहून कोकोपान हा थांबा, मग गंधक काढणाऱ्यांच्या झोपड्यांचं पोंडोकान. तिथे तळ ठोकून दोन्ही शिखरं वेगवेगळ्या दिवशी करतात. वेलिरांग म्हणजेच गंधक, त्यामुळे वर धूर असतो आणि मास्क हवाच. इथली लबाडी दिवसांची आहे. तीन दिवसांचे पैसे घेऊन गाईड एकच रात्र काढतो आणि थकवा, धुकं अशी कारणं देत अर्जुनो गाळतो. बुकिंगमध्ये मुक्कामाच्या जागांची नावं आणि दोन्ही शिखरांची उंची लिहून घेतली की त्याला हे जमत नाही.

पैशांचं एवढंच: कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पूर्ण रक्कम पाठवू नका. थोडा ॲडव्हान्स कार्डाने द्या, उरलेले परमिट हातात आल्यावर. आणि ॲडव्हान्सआधी एक प्रश्न लेखी विचारा: ‘आम्ही जास्तीत जास्त कोणत्या जागेपर्यंत जाणार, आणि ती जागा आज उघडी आहे का?’ प्रामाणिक माणूस सरळ ‘रानू कुम्बोलोपर्यंत, तेही उघडं असेल तर’ असं लिहितो. दुसरा हसरी इमोजी पाठवून खाते क्रमांक देतो.