पोटातला केसांचा गोळा: एंडोस्कोपी, दुर्बिणीची सर्जरी की पोट उघडून?

मुलीच्या पोटात केसांचा गोळा निघालाय (बहुतेक केसेस मुलींच्या किंवा तरुण बायकांच्याच असतात) आणि काढायचा कसा यावर घरात खल चालू असेल, तर आधी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा, गोळा केवढा आहे आणि त्याची शेपटी आतड्यात उतरलीय का. सीटी स्कॅनमध्ये हे बरंचसं कळतं.

एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी जठरात घालणं) सगळ्यांना हवी असते, चिरा नाही टाके नाहीत. पण केस पचत नाहीत, गुळगुळीत असल्यामुळे पुढेही सरकत नाहीत, त्यात अन्न आणि चिकट स्राव अडकत जाऊन गोळा इतका घट्ट होतो की जठराचाच आकार घेतो, मग तो अन्ननलिकेतून बाहेर ओढणार कसा? तुकडे करावेत तर एखादा पुढे जाऊन आतड्यात अडकायची भीती. निदान पक्कं करायला एंडोस्कोपी चांगली, गोळा अगदी छोटा असेल तर काढायलाही, पण 2010 मधल्या 108 केसेसच्या एका आढाव्यात ती जमली जेमतेम 5 टक्के वेळा, आणि पोट उघडून केलेलं ऑपरेशन 99 टक्के. आणि कोला पाजून गोळा विरघळतो म्हणतात ते फळं-भाज्यांच्या चोथ्याच्या गोळ्याबद्दल, केसांवर काही होत नाही.

दुर्बिणीच्या सर्जरीत (पोटाला छोटी छिद्रं पाडून केलेली, लॅप्रोस्कोपी) व्रण छोटा आणि रिकव्हरी लवकर, तरुण मुलीला हे महत्त्वाचं वाटणारच. त्याच आढाव्यात यश 75 टक्के दिसतं, पण केसेस मोजक्याच होत्या. वेळ जास्त लागतो, आणि गोळा बाहेर काढताना आतली घाण पोटात सांडू शकते. सर्जनचा हात बसलेला असेल आणि गोळा मध्यम असेल तर मी हाच पर्याय आधी विचारेन.

पण गोळा मोठा असेल, किंवा शेपटी लहान आतड्यात गेली असेल (याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात, 1968 मध्ये पहिल्यांदा नोंदवलेला), तर पोट उघडणंच बरं, त्यात सर्जनला पूर्ण आतडं हाताने चाचपून सुटे तुकडे शोधता येतात. आतडं पूर्ण बंद झालं असेल किंवा जठराला भोक पडलं असेल तर निवडायला वेळच नसतो.

कुठलाही मार्ग घेतला तरी केस उपटून खायची सवय ऑपरेशनने जात नाही, गोळा परत होऊ शकतो, म्हणून डिस्चार्जच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घ्या आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, या मुलींमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं.