दुसरा साटा पोर्ट: वापरलेला मिनी पीसी घेताना झालेली फसवणूक

वाईजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयातल्या जुन्या नोंदवह्या आणि गावकऱ्यांनी पेट्यांतून काढून दिलेले फोटो आम्ही चौघं जण चार वर्षांपासून स्कॅन करतोय. सगळं ४ टीबीच्या एका साडेतीन इंची हार्ड डिस्कवर होतं. ती डिस्क कायम जोडलेली राहील, वीज कमी खाईल आणि वाचनालयाच्या कपाटात मावेल असा एखादा लहान संगणक मी शोधत होतो. पैसे वर्गणीचे, त्यामुळे नवा घेण्याचा प्रश्नच नव्हता.

जाहिरातीत मला हवं तेच लिहिलेलं होतं: सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसरचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, 'बोर्डावर दोन साटा पोर्ट, मोठी डिस्क थेट चालते, पॉवर केबल सोबत', किंमत ११,५०० रुपये. साटा म्हणजे हार्ड डिस्क बोर्डाला थेट जोडायची पद्धत. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात डब्याचं झाकण उघडं, शेजारी साडेतीन इंची डिस्क फिरतेय आणि स्क्रीनवर तिच्यातले फोल्डर उघडतायत. प्रत्यक्ष गेलो तेव्हा त्याने मशीन चालू करून दाखवलं, पण डिस्क जोडून दाखवली नाही. "दादा, डिस्क कालच एकाला दिली. व्हिडिओ बघितलाय ना तुम्ही?" त्याने झाकण उघडून दिलं, मी आत बघितलं. बोर्डावर खरंच दोन साटा पोर्ट शेजारी शेजारी होते आणि त्यांच्याजवळ एक पांढरा चार पिनांचा कनेक्टर. त्यात बसणारी केबल पिशवीत होती, पिवळी, काळी, काळी, लाल अशा चार तारांची. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, काळ्या ग्राऊंडच्या, हे मला माहीत होतं. रंग बरोबर दिसले, प्लग चपखल बसला, आणि मी यूपीआयने पैसे दिले.

घरी येऊन पहिल्या पोर्टवर मशीनची स्वतःची एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) तशीच ठेवली, दुसऱ्यावर आमची डिस्क जोडली आणि बटण दाबलं. टक् असा एक आवाज आला, जळका वास आला आणि मशीन बंद पडलं. डिस्क काढल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं, डिस्क मात्र कुठेच जोडली तरी फिरेना. दिवाळीनंतर स्कॅन केलेली ३,००० पानं दुसरीकडे कुठेही नव्हती. त्यातल्या निम्म्या वह्या वाळवी लागलेल्या होत्या आणि पान उलटताना तुटत होत्या. त्या पुन्हा स्कॅनरवर ठेवता येणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर घेऊन बसलो. हे काम पैसे देण्याआधी करायला हवं होतं, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. डिस्क न जोडता मशीन चालू केलं, मीटरची काळी तार बोर्ड कसायच्या स्क्रूच्या भोकाला लावली आणि लाल तारेने चार पिना एकेक करून तपासल्या. एका टोकाला १२ व्होल्ट, मध्ये दोन ग्राऊंड, दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट. बोर्ड ठीक होता. मग केबल लावून डिस्ककडच्या टोकाला मोजलं, तर लाल तारेवर १२ आणि पिवळीवर ५. प्लगमध्ये तारा उलट्या क्रमाने दाबून बसवल्या होत्या. मधल्या दोन्ही ग्राऊंडच्या असल्याने त्या उलटल्या तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते टोकाच्या दोन तारांचं, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या मार्गावर सरळ १२ व्होल्ट जातात.

इथवर मी म्हटलं असतं की चूक झाली असेल, घाईत केबल बनवली असेल. पण नंतर भिंगातून दुसरा साटा पोर्ट बघितला आणि ती शंकाही राहिली नाही.

पहिल्या पोर्टची डाख स्वच्छ आणि एकसारखी होती. दुसऱ्याच्या पायांशी फ्लक्सचे, म्हणजे डाख देताना वापरतात त्या रसायनाचे, पिवळट डाग होते आणि दोन पिनांवर डाखेचे गोळे. साटाच्या प्रत्येक पोर्टमागे डेटाच्या चार तारांवर चार बारीक कपॅसिटर असतात, साधारण १० नॅनोफॅरडचे. त्यांच्यातूनच सिग्नल पुढे जातो. पहिल्या पोर्टमागे ते चारही होते. दुसऱ्यामागे चार जागा नुसत्या मोकळ्या, चकचकीत. एकच बोर्ड अनेक मॉडेलसाठी छापलेला असतो आणि स्वस्त मॉडेलमध्ये काही भाग बसवलेच जात नाहीत. या माणसाने अशा मोकळ्या जागेवर बाजारातला सुटा कनेक्टर डाखून ठेवला होता. म्हणजे केबल बरोबर असती तरी त्या पोर्टवर डिस्क कधीच दिसली नसती.

अशा रिकाम्या जागांवर कनेक्टर बसवणं हे मुळात वाईट काम नाही. पोर्ट डाखून, कपॅसिटर लावून, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो चालू होतो का ते बघून जुन्या मशीनला नवं आयुष्य देणारे लोक आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. इथे काम करून देण्याचा हेतूच नव्हता, पोर्ट फक्त दिसायला हवा होता.

मग तो व्हिडिओ चालला कसा? मी तो थांबवत थांबवत पुन्हा पाहिला. स्क्रीनवर ड्राइव्हची यादी अर्धा सेकंद दिसते आणि डिस्कच्या नावाच्या शेवटी 'यूएसबी' लिहिलेलं आहे. डिस्कच्या मागून एक काळी वायर टेबलाच्या खाली जाते. डिस्क बाहेरच्या यूएसबी जोडणीवर आणि वेगळ्या ॲडॅप्टरवर चालत होती. शिवाय मशीनसोबतचा ॲडॅप्टर १२ व्होल्ट ३ ॲम्पियरचा, म्हणजे ३६ वॉटचा आहे. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच १२ व्होल्टवर दोन ॲम्पियरपर्यंत ओढते. त्यावर प्रोसेसर आणि एसएसडी धरली तर हाती फारसं काही उरत नाही. हा हिशेब मला जाहिरात वाचतानाच करता आला असता.

डिस्क मी पुण्यात एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. जास्त व्होल्टेज आलं की डिस्कच्या सर्किटवरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचे भाग वाचवतो. नशीब चांगलं असेल तर तो काढला की डिस्क चालते. आमच्या डिस्कचा डायोड गेला होताच, मोटर चालवणारी चिपही गेली होती. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं सर्किट मिळवावं लागलं. नुसतं सर्किट बदलून भागत नाही, कारण त्यावरच्या एका लहान रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची स्वतःची माहिती असते. ती चिप काढून नव्या सर्किटवर बसवली, तेव्हा डिस्क उघडली. ३,००० पानं मिळाली. खर्च ९,००० रुपये आणि सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत मी वाचनालयात तोंड दाखवायचं टाळत होतो.

विकणाऱ्याला फोन केला तर त्याचं म्हणणं, "सर, तुम्ही झाकण उघडलं, आता जबाबदारी माझी नाही." दोन पोर्ट दाखवायला त्यानेच झाकण उघडून दिलं होतं. त्याच्या चिठ्ठीवर 'माल तपासून घेतला आहे, परत घेतला जाणार नाही' असं लिहिलंय. ते वाक्य वाचून गप्प बसू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. व्हिडिओ, चिठ्ठी, यूपीआयची पावती, बोर्डाचे जवळून काढलेले फोटो आणि ती केबल मी जपून ठेवली आहे. केबल फेकू नका, तोच पुरावा असतो.

एम.२ च्या, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायच्या, खाचेतही अशीच फसगत होते. एसएसडी नीट बसते, स्क्रू लागतो, पण ती खाच फक्त साटाची असेल तर एनव्हीएमई या दुसऱ्या, जास्त वेगाच्या पद्धतीचं कार्ड दिसत नाही. तुमचंच कार्ड सोबत न्या, जोडून, सुरू करून, यादीत दिसल्यावरच पैसे द्या. मीटरही न्या. विकणारा मीटर लावू देत नसेल तर तिथून परत फिरा, मग किंमत कितीही कमी असो.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, किंमत आता १०,८०० आहे. फोटो आमच्याच बोर्डाचा. मोठा करून बघितला तर उजवीकडच्या पोर्टच्या पायाशी तो पिवळट डाग स्पष्ट दिसतो.