मॅनली बीच: आई-बाबा सिडनीला आलेत? मग आधी इथे न्या, बाँडाय नंतर

भारतातून कोणी आलं की घरोघरी तोच वाद, कुठल्या बीचवर न्यायचं, बाँडाय की मॅनली. माझं मत मॅनली, आणि त्याचं अर्धं कारण तिथे जाणारी फेरीबोट आहे. बाँडायला ट्रेनने बाँडाय जंक्शनपर्यंत जा मग ३३३ची बस पकडा, वीकेंडला त्यात उभं राहायचे वांधे. त्यापेक्षा सर्क्युलर की या शहरातल्या धक्क्यावरून एफ१ फेरी, अर्धा तास, निघाल्या निघाल्या डावीकडे हार्बर ब्रिज उजवीकडे ऑपेरा हाऊस, म्हणजे लोक ज्याच्यासाठी क्रूझचे पैसे भरतात ते सगळं ओपल कार्डावर, म्हणजे इथल्या बस-ट्रेन-फेरीच्या साध्या कार्डावर. जाताना उजव्या बाजूला बाहेर बसा. पुढे हेड्सपाशी, म्हणजे बंदराच्या तोंडाशी, उजवीकडे खुला समुद्र लागतो, तिथे वारा असेल तर बोट चांगलीच हलते, आईने दोन्ही हातांनी रेलिंग धरलं होतं पण आत चल म्हटलं तर नाही म्हणाली 😄

पैशांचं सांगते. शुक्रवार ते रविवार डेली कॅप (दिवसभरात जास्तीत जास्त कापले जाणारे पैसे) कमी असतो त्यामुळे तेव्हाच जा, आणि प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं टॅप करता येत नाहीत. प्रायव्हेट फास्ट फेरी पण आहे, लवकर पोचवते, पण तिचं तिकीट ओपलच्या कॅपमध्ये धरत नाहीत. उगाच कशाला.

उतरलं की कॉर्सो नावाचा नुसता चालायचा रस्ता, दुकानं बघत पाच मिनिटांत समोर बीच. जवळपास दीड किलोमीटर लांब, कडेने नॉरफोक पाइनची उंच झाडं. सर्फिंगची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९६४ला इथेच झाली, मिजेट फॅरेली जिंकला होता. आणि मॅनलीच्या उत्तरेकडच्या क्वीन्सक्लिफच्या टोकाच्या पलीकडे फ्रेशवॉटर बीच आहे, तिथे हवाईचा नामवंत सर्फर ड्यूक काहानामोकू १९१४च्या डिसेंबरमध्ये इथेच लाकडाचा बोर्ड बनवून लाटांवर उभा राहिला होता, त्याचा पुतळा आहे तिकडच्या टेकाडावर. चालायची तयारी असेल तर जाच.

नवऱ्याने सर्फिंगचा ग्रुप लेसन घेतला. सॉफ्टबोर्ड आणि वेटसूट ते देतात, आधी वाळूवर पालथं झोपून टुणकन उठायची प्रॅक्टिस, मग कमरेएवढ्या पाण्यात. पायाकडे बघू नका किनाऱ्याकडे बघा असं शिकवणारा पोरगा ओरडून ओरडून सांगत होता आणि सगळे पायाकडेच बघून धपाधप पडत होते. शेवटी नवरा एकदा उभा राहिला, दोन सेकंद असेल, पण फोटो निघाला त्यामुळे पैसे वसूल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी सगळ्यात उबदार असतं, शिकायचं असेल तर तेव्हा बघा.

आता महत्त्वाचं. पोहायचं ते फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. आपल्याला वाटतं जिथे लाटा फुटत नाहीत तिथे पाणी शांत, मुलांना तिथे उतरवू, आणि नेमकी तिथेच रिप (आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह) असते, आजूबाजूला पांढरा फेस आणि मधला पट्टा जरा गडद दिसतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमून जाल, तरंगत राहा आणि हात वर करून लाइफगार्डला बोलवा. गणपतीपुळ्याला मोठी माणसं कशी दम देतात, तोच दम समजा. बोर्डवाल्यांनी झेंड्यांच्या बाहेर राहायचं.

आई-बाबांसाठी खरी जागा शेली बीच. मॅनलीच्या दक्षिण टोकाकडून समुद्राच्या कडेने सपाट रस्ता, रमतगमत वीसेक मिनिटं. तोंड पश्चिमेकडे असल्याने मोठ्या लाटा थेट येत नाहीत, गुडघाभर पाण्यात निवांत उभं राहता येतं. शेलीला लागून असलेला कॅबेज ट्री बे हा उपसागर संरक्षित आहे, मासेमारी बंद, त्यामुळे स्नॉर्केलिंगवाल्यांची चंगळ. वाटेत वॉटर ड्रॅगन म्हणून मोठाले सरडे उन्हात पडलेले असतात, बाबांनी समुद्र सोडून त्यांचेच फोटो काढले आणि सगळे गावच्या ग्रुपवर टाकले, घोरपडीची पोरं म्हणून.

खाण्याला मात्र मी कमीच मार्क देईन. आम्ही बसलो त्या कॅफेत (नाव लिहीत नाही) चिप्स गार, त्यात रविवारचा सरचार्ज, आणि व्हेज म्हणून बर्गरमधली पॅटी काढून दिली. तेवढ्या पैशात हॅरिस पार्कला, आपल्या भारतीय हॉटेलांच्या भागात, चौघं पोटभर जेवलो असतो. घरून दशम्या-चटणी न्या आणि शेलीच्या गवतावर बसून खा. फिश अँड चिप्स घेतलेच तर सीगल्सपासून सांभाळा, हातातून नेतात, मुलांच्या तर नक्कीच.

शॉवर आहेत पण पाणी गार. टोपी, सनस्क्रीन विसरू नका, ढगाळ असलं तरी चामडी भाजते. गाडी अजिबात नेऊ नका, उन्हाळ्यात पार्किंग शोधण्यातच दुपार जाते. परतीच्या फेरीला पाचच्या सुमाराला लांबलचक लाइन लागते, एकतर चारच्या आत निघा नाहीतर सरळ अंधार पडेपर्यंत थांबा, येताना शहराचे दिवे बघायला मिळतात आणि बसायला जागा पण.