एमपरिवहन आणि डिजिलॉकर: ड्रायव्हरच्या सीटवरून

मी पुणे-मुंबई टुरिस्ट गाडी चालवतो. गाडी शेठची आहे, आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नाव त्यांचं, त्यामुळे नाक्यावर अडवलं की पहिली चौकशी तिथूनच सुरू होते. शेठनी एमपरिवहन या गाडीच्या कागदांच्या सरकारी अॅपमधून आरसी माझ्या नंबरवर शेअर केली, तेव्हापासून कागदांची पिशवी डिकीतून क्वचितच बाहेर निघते. लायसन मी डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारी कागदपत्रं फोनवर ठेवायच्या अॅपमध्ये, ठेवलंय.

परवा खालापूरच्या अलीकडे हवालदारसाहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. काच खाली केली, ब्राइटनेस पूर्ण वाढवला (उन्हात क्यूआर कोड वाचला जात नाही) आणि फोन समोर धरला. त्यांनी आपल्या मशीनवर कोड स्कॅन केला, विमा आणि फिटनेसच्या तारखा बघितल्या, म्हणाले, "चला, निघा." फोन माझ्याच हातात राहिला. मला याचं मोल फार वाटतं, कारण फोनमध्ये घरच्यांचे फोटो आहेत, बँकेचे मेसेज आहेत, पॅसेंजरचे पत्ते आहेत. अँड्रॉइडमध्ये एकच अॅप समोर अडकवून ठेवायची (स्क्रीन पिनिंग) सोय आहे, ती आणि त्यातला लॉक विचारायचा पर्याय चालू ठेवला की फोनचा लॉक काढल्याशिवाय दुसरं अॅप उघडत नाही.

बऱ्याच ड्रायव्हरना अजून वाटतं की कागद हातात हवाच. तसं नाही. ऑगस्ट २०१८ मध्येच केंद्राने या दोन्ही अॅपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरायला सांगितलं. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांतही तसा बदल झाला. मात्र गॅलरीतला स्क्रीनशॉट चालत नाही, अॅपच उघडून दाखवावं लागतं. घाटात रेंज जाते, म्हणून निघतानाच लॉगिन करून ठेवा.

पूर्वी एमपरिवहनमध्ये कुणाच्याही गाडीचा नंबर टाकला की मालकाचं पूर्ण नाव यायचं. आता अक्षरांच्या जागी फुल्या येतात. फार बरं झालं. सिग्नलला हुज्जत घालणाऱ्याने नंबरावरून एखाद्या बाईचं नाव शोधून काढावं, हे भयंकरच होतं.

अॅपच्या पाच ताऱ्यांपैकी एक मी कापतोय तो कॅमेऱ्यांसाठी. २०२४ पासून एक्सप्रेसवेवर नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे लागलेत. वेगमर्यादेला माझा विरोध नाही. घाटात ६० म्हणजे ६०, अपघात मी डोळ्यांनी पाहिलेत. पण हवालदारसाहेबांना "काय झालं साहेब?" असं विचारता येतं, कमानीवरच्या कॅमेऱ्याला विचारता येत नाही. चलन झालं तर ते अॅपमध्ये दिसतं. चलन झालं नाही, तरी आपला नंबर कुठे, किती वाजता वाचला गेला आणि तो फोटो कधी पुसणार, हे अॅपमध्ये कुठेच नाही. मी रोज कुणाला कुठे सोडतो, हे त्या नोंदींवरून सहज कळेल. चलनाशेजारी ही माहितीही मालकाला आणि ड्रायव्हरला दिसायला हवी. ती दिसायला लागली की पाचवा तारा देईन. आज पाचपैकी चार.