अशोक चौकातली रविवारची बालतपासणी

सोलापुरात अशोक चौकाजवळ एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते एक लहान मुलांची मोफत तपासणी असते. एक निवृत्त सिस्टर ती चालवतात, हाताखाली नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली. तिघी मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलतात, त्यामुळं पूर्व भागातल्या बायका मोकळेपणानं पोरं घेऊन येतात.

मी शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर गळ्यात टेप असतो, म्हणून तिथली दंडाची पट्टी मला लगेच कळली. मूल कुपोषित आहे का ते बघायला पाच वर्षांखालच्या मुलाच्या डाव्या दंडाला ती गुंडाळतात. माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली आलं तर लाल, 12.5 पर्यंत पिवळं, त्याच्या वर हिरवं. माझा धाकटा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. जेमतेम हिरव्यात आला आणि मी निघायला लागले.

सिस्टर मात्र बाहेर अंगणात बघत होत्या. पोरं शिवाशिवी खेळत होती आणि माझा मधेच उकिडवा बसला होता, गुडघे छातीशी घेऊन. दोन मिनिटांनी उठला, पळाला, परत तसाच बसला. "अगं, हा खेळताना नेहमी असा बसतो का?" त्यांनी विचारलं. नेहमीच बसायचा. आम्हाला वाटायचं, ती त्याची सवय. त्यांनी त्याची बोटं उजेडात धरली. नखं जांभळट होती आणि बोटांची टोकं गोल फुगलेली. याच हातात मी रोज घास देत होते, मला दिसलं नव्हतं. त्याआधी एका दवाखान्यात 'अशक्तपणा आहे' म्हणून सहा महिने टॉनिक चाललं होतं.

सिस्टरांनी औषध दिलं नाही, पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पुढं टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयात छिद्र, शिवाय फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दबतात आणि फुप्फुसाकडं थोडं जास्त रक्त जातं. लेकरानं आपला उपाय आपणच शोधला होता.

शस्त्रक्रियेसाठी पुण्याला जायच्या आदल्या रविवारी मी तिथं नुसती बसून राहिले होते. भिंतीवर शेजारी शेजारी दोन फोटो आहेत, दोघांचा जन्म 1910 चा. एक आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे, ते सोलापुरात कुणाला सांगावे लागत नाहीत. दुसरे व्हिव्हियन थॉमस, कृष्णवर्णीय अमेरिकन. सिस्टरांनी माझ्या मुलाला मांडीवर घेऊन त्यांची गोष्ट सांगितली. थॉमस सुतारकाम करायचे. डॉक्टर व्हायला पैसे साठवले होते. 1930 साली सर्जन डॉ. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले, त्याच वर्षी पुढं बँक बुडाली आणि पैसे गेले. काम संशोधनाचं, पगाराच्या यादीत नोंद झाडूवाल्याची. मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर हेलन टॉसिग यांनी माझ्या मुलासारख्याच, हृदयाच्या दोषानं निळ्या पडणाऱ्या बाळांचा प्रश्न त्या दोघांपुढं मांडला. त्यावरची शस्त्रक्रिया थॉमस यांनी आधी कुत्र्यांवर करून करून बसवली, बारीक रक्तवाहिन्या शिवायला साधनंही बेतून घेतली. 29 नोव्हेंबर 1944 ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पंधरा महिन्यांच्या मुलीवर ती झाली. ब्लेलॉक शिवत होते आणि मागं स्टुलावर उभे राहून थॉमस टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. त्या मुलीला पुढं काही महिनेच मिळाले, हेही सिस्टरांनी लपवलं नाही. पण तिच्यानंतर कितीतरी बाळांचे ओठ गुलाबी झाले. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळाली ती 1976 मध्ये.

मला त्या टाक्याचंच सुचत राहिलं. लवचिक कापडावर टाका जास्त ओढला तर चुणी पडते, सैल राहिला तर उसवतो. इथं तर काडीएवढी रक्तवाहिनी, तीही वाढत्या लेकराची. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

शस्त्रक्रियेला आम्हाला रुपया लागला नाही. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी तेवढी आमची. आता तो पहिलीत आहे. त्याचा गणवेश मीच शिवला, पहिलं बटण उघडं ठेवलं की व्रणाचं टोक दिसतं.

उणिवा आहेत. खोली अरुंद, पंखा एकच, मे महिन्यात पोरं रडून बेजार होतात. नोंदवही तिथं ठेवत नाहीत, तेव्हा आपली वही न्या आणि प्रत्येक वेळी वजन-उंची लिहून घ्या. लसी मिळत नाहीत, त्यासाठी नागरी आरोग्य केंद्रच गाठावं लागतं. साडेअकरानंतर गर्दी होते. लवकर जा, आणि नंबर येईपर्यंत पोराला मांडीवर धरून बसू नका. अंगणात सोडा. सिस्टर खिडकीतून बघत असतात.